जपानी स्वतंत्र चित्रपट : शोधणं, घडवणं आणि महोत्सवापर्यंत नेणं

फिरस्ती

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात 'नुकतंच काय पाहिलंत' या धाग्यावर माझ्या कामाचा ओझरता उल्लेख झाला आणि तीन-चार जणांनी सविस्तर लिहायचा आग्रह धरला. जमेल तसं लिहीत होते, आज टाकतेय.

मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला जपानी शिकले आणि दुभाषाच्या नोकरीसाठी तोक्योला आले. आता बारा वर्षं झाली. त्यातली आठ वर्षं दोन माणसांच्या एका छोट्या कंपनीत आहे, मी आणि माझी जपानी सहकारी. मोठ्या स्टुडिओंच्या बाहेर बनणारे चित्रपट शोधायचे, त्यांची इंग्रजी सबटायटलं करायची, परदेशी महोत्सवांकडे पाठवायचे आणि निवड झाली की दिग्दर्शकाला घेऊन जायचं, हे आमचं काम. चार वर्षांपूर्वी आम्ही निर्मितीतही उतरलो. का उतरलो ते सांगायचं आहे, पण आधी एक जुनी गोष्ट.

१९५१ साली व्हेनिस महोत्सवाला जपानकडून चित्रपट हवा होता. जुलियाना स्ट्रामिजोली नावाच्या इटालियन बाई तेव्हा तोक्योत होत्या. जपानीच्या अभ्यासक, आणि इटालियन चित्रपटांच्या वितरणाचं काम बघायच्या. त्यांनी अकिरा कुरोसावांचा 'राशोमोन' सुचवला. ज्या दाइएई कंपनीने तो बनवला होता तिलाच हे पटेना. हा काही जपानी सिनेमाचा प्रातिनिधिक नमुना नाही, त्यापेक्षा दिग्दर्शक ओझूंचं काही पाठवा, असा सूर होता. शेवटी 'राशोमोन'च गेला आणि गोल्डन लायन, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, घेऊन आला. कुरोसावांनी आत्मचरित्रात लिहिलंय की आपला चित्रपट व्हेनिसला गेलाय हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. मासे पकडायला गेले होते, घरी आले तर बायकोने अभिनंदन केलं!

हा प्रसंग वाचला तेव्हा माझं सगळं लक्ष त्या बाईंकडे गेलं. चित्रपट त्यांचा नव्हता, पैसा त्यांचा नव्हता. घरच्यांना जे दिसत नव्हतं ते त्यांना दिसलं आणि त्यांनी आपला शब्द खर्ची घातला. माझ्या धंद्याची सुरुवात मी तिथून धरते.

आता आम्ही शोधतो कुठे? सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे पिआ फिल्म फेस्टिव्हल. १९७७ पासून चालू आहे. स्वतःच्या हिमतीवर बनवलेले चित्रपट तिथे येतात, आणि प्रत्येक चित्रपट निवड समितीतले किमान तिघं जण एकही मिनिट न वगळता पाहतात. कुरोसावा कियोशी ('राशोमोन'वाले नव्हेत), त्सुकामोतो शिन्या, हाशिगुची र्‍योसुके ही सगळी दिग्दर्शक मंडळी तिथूनच पुढे आली. यामानाका योकोने विशीच्या आसपास 'आमिको' बनवला, ६६ मिनिटांचा. २०१७ ला पिआमध्ये प्रेक्षक पुरस्कार, २०१८ ला थेट बर्लिनच्या फोरम विभागात. २०२४ ला तिचा 'डेझर्ट ऑफ नामिबिया' कानच्या डिरेक्टर्स फोर्टनाइट विभागात होता आणि त्याला समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार मिळाला. याशिवाय कावागुचीचा स्किप सिटी, ओसाकाचा आशियाई महोत्सव, माहितीपटांसाठी यामागाता, आणि तोक्यो कला विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचे पदवीसाठीचे चित्रपट. दिग्दर्शक हामागुची र्‍युसुके तिथलाच विद्यार्थी.

पण मला स्वतःला आवडते ती मिनी थिएटरची शेवटच्या शोची वेळ. रात्री नऊ वाजता तोक्योतल्या शिंजुकु किंवा शिबुयातल्या एखाद्या गल्लीत, साठ-ऐंशी खुर्च्या. शो सुटला की दिग्दर्शक लॉबीत दाराशी उभा असतो. हातात स्वतः छापून घेतलेल्या पुस्तिका. प्रत्येकाला वाकून नमस्कार, पुस्तिकेवर सही. शेवटची लोकल चुकेल म्हणून लोक घाईत असतात, तरी थांबतात. मी गर्दी पांगेपर्यंत थांबते आणि मग कार्ड देते.

चार वर्षांपूर्वी अशाच एका रात्री मला एक चित्रपट भेटला. नाव लिहीत नाही, त्या मुलाला अजून त्याचा त्रास होतो. उत्तरेकडच्या तोहोकूतलं गाव, हिवाळा, दोन भाऊ. मी रडत बाहेर आले. दुसऱ्या दिवशी लिंक मागवली आणि एकेक गोष्ट समोर यायला लागली. सबटायटलं मित्राने केली होती, पांढरी, अक्षरांना काळी कड नाही. अर्धा चित्रपट बर्फात, म्हणजे अर्धे संवाद कुणाला वाचताच येणार नाहीत. एका महत्त्वाच्या प्रसंगात धाकटा भाऊ एक गाजलेलं गाणं गुणगुणतो, त्याची परवानगी घेतलेली नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे परदेशातल्या एका छोट्या कार्यक्रमात तो आधीच दाखवून झाला होता. प्रेक्षक अकरा. एका मोठ्या महोत्सवाच्या निवडकर्त्या बाईंना चित्रपट मनापासून आवडला, पण आंतरराष्ट्रीय प्रीमियर, म्हणजे देशाबाहेरचा पहिला खेळ, गेलेला, त्यामुळे त्यांनी हात जोडले.

या तिन्ही गोष्टी मी पोचण्याआधी घडून गेल्या होत्या. चित्रीकरणाच्या वेळी शेजारी एक निर्माता असता तर तिन्ही टळल्या असत्या. इथे स्वतंत्र चित्रपटांना बहुतेक वेळा निर्माताच नसतो. दिग्दर्शकच लिहितो, पैसे उभे करतो, गाडी चालवतो, जेवणाचे डबे मागवतो, संकलन करतो. म्हणून आम्ही ठरवलं, यापुढे नुसतं तयार चित्रपटाची वाट बघायची नाही, पटकथा हातात असतानाच जायचं.

रानवारा

ताई, एका बैठकीत वाचून काढलं. बर्फावरची पांढरी अक्षरं डोळ्यासमोरून जात नाहीयेत.

एक प्रश्न. आता फिल्मफ्रीवेसारख्या साइटवरून कुणीही शुल्क भरून थेट चित्रपट पाठवू शकतो ना? मग मध्ये तुमच्यासारख्या माणसाची गरज का पडते?

फिरस्ती

रानवारा, प्रश्न अगदी रास्त आहे. पाठवता येतो आणि त्यातून निवडीही होतात. पण मोठ्या महोत्सवांकडे हजारोंनी चित्रपट येतात. निवडकर्त्याला कुणीतरी विश्वासाचं माणूस सांगतं की हा शेवटपर्यंत बघा, पहिली वीस मिनिटं संथ आहेत पण थांबा, तेव्हा त्या लिंकचं नशीब बदलतं. हा विश्वास आयता मिळत नाही. आठ वर्षांत मी कितीतरी वेळा "यंदा माझ्याकडे तुमच्यासाठी काही नाही" असं कळवलं, म्हणून उरलेल्या वेळी माझं ऐकतात.

दुसरं, क्रम. व्हेनिसच्या स्पर्धेला जगातला पहिला खेळ हवा. बर्लिन आणि कानला निदान देशाबाहेरचा पहिला तरी हवा. रॉटरडॅम जानेवारीअखेर, बर्लिन फेब्रुवारीत, कान मेमध्ये, लोकार्नो ऑगस्टमध्ये, व्हेनिस ऑगस्टअखेर. एकीकडे होकार देऊन बसलात की दुसरीकडचं दार लागतं, आणि वाट बघत बसलात तर वर्ष जातं. तरुण दिग्दर्शकाला पहिल्या होकाराच्या आनंदात हे सुचत नाही, सुचावं अशी अपेक्षाही करू नये.

पंचगंगा

नमस्कार. मी कोल्हापूरचा, दोन लघुपट केलेत, आता पहिला मोठा चित्रपट संकलनात आहे. जमिनीचा तुकडा विकून केलाय, म्हणून विचारतो. तिकडे ही पोरं पैसे आणतात कुठून? जपान श्रीमंत देश, सरकार देत असेल ना?

फिरस्ती

पंचगंगा, तुमचं वाचून पोटात कालवलं. इथेही घरचे पैसे घालून, अर्धवेळ नोकऱ्या करून चित्रपट करणारे खूप आहेत.

मुख्य धारेत 'सेइसाकु इइनकाइ' म्हणजे निर्मिती समितीची पद्धत आहे. टीव्ही वाहिनी, प्रकाशक, वितरक, जाहिरात कंपनी असे पाच-दहा जण थोडे थोडे पैसे घालतात आणि हक्क वाटून घेतात. जोखीम विभागली जाते. पण प्रत्येकाला आपली सुरक्षितता हवी, म्हणून गाजलेली कादंबरी, गाजलेली मांगा म्हणजे चित्रकथा, गाजलेला नट. नवख्याची मूळ कथा त्या टेबलावर टिकणं फार अवघड. सांस्कृतिक विभागाची अनुदानं आहेत, पण फ्रान्समध्ये तिकिटाच्या पैशातला वाटा सीएनसी या संस्थेमार्फत पुन्हा निर्मितीत येतो तशी व्यवस्था नाही. कोरेएदा हिरोकाझु आणि इतर दिग्दर्शकांनी २०२२ मध्ये तशी संस्था व्हावी म्हणून गटच स्थापन केलाय.

आणि एक गंमत बघा. रॉटरडॅमचा ह्युबर्ट बाल्स निधी आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या चित्रपटांना हात देतो. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'ला तो मिळाला होता. श्रीमंत देश म्हणून जपान त्यात बसत नाही. म्हणजे या बाबतीत तुमच्यापुढे असलेलं एक दार इथल्या मुलांना बंद आहे. संकलनाच्या टप्प्यावरही काही निधी मिळतात, जरूर बघा.

मग मार्ग काय? एक म्हणजे अभिनय कार्यशाळा. 'वन कट ऑफ द डेड' एन्बू सेमिनार या शाळेच्या कार्यशाळेतून निघाला. साधारण ३० लाख येन, आठ दिवसांचं चित्रीकरण, सुरुवातीचा ३७ मिनिटांचा सलग शॉट. २०१८ च्या एप्रिलमध्ये इटलीतल्या उदिनेच्या फार ईस्ट महोत्सवात प्रेक्षक पसंतीत दुसरा आला. जूनमध्ये तोक्योत फक्त दोन थिएटरांत लागला, आणि पुढे ३०० कोटी येनच्या वर धंदा केला. हामागुचीचा ३१७ मिनिटांचा 'हॅपी अवर'ही कोबेमधल्या कार्यशाळेतूनच आला, आणि २०१५ ला लोकार्नोत त्यातल्या चारही अभिनेत्रींना मिळून सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. त्याआधी चौघींपैकी कुणीही व्यावसायिक नटी नव्हती.

दुसरा मार्ग सहनिर्मितीचा. हायाकावा चिएचा 'प्लान ७५' जपान, फ्रान्स, फिलिपिन्स आणि कतार अशा चार देशांच्या पैशावर उभा राहिला. २०२२ ला कानमध्ये कॅमेरा द'ऑर या पदार्पणाच्या चित्रपटासाठीच्या पुरस्काराच्या परीक्षकांनी त्याची खास दखल घेतली. कागदपत्रं मात्र डोंगराएवढी. पटकथेचं भाषांतर, हिशेबांचं भाषांतर, करारांचं भाषांतर. माझं निम्मं काम सध्या हेच आहे.

माइनकाठ

धागा फारच आवडला. मी फ्रँकफर्टला असते. इथे दरवर्षी मे-जूनमध्ये निप्पॉन कनेक्शन भरतो, २००० साली विद्यार्थ्यांनी सुरू केलेला. बहुतेक काम स्वयंसेवक करतात, मी दोन वर्षं पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं काम केलं.

एक आठवण सांगते. एक तरुण दिग्दर्शक आला होता, जन्मात पहिल्यांदा देशाबाहेर. खेळानंतर प्रश्नोत्तरं झाली. एका आजींनी उठून सांगितलं की तुमच्या चित्रपटातलं स्वयंपाकघर अगदी माझ्या आईचं आहे. दुभाषाने ते जपानीत सांगितलं तेव्हा तो बोलूच शकला नाही. नंतर ट्राममध्ये मला म्हणाला, तोक्योत सहा दिवस शो झाले पण आईबद्दल कुणी बोललं नाही. महोत्सव म्हणजे पुरस्कार असं मला वाटायचं, त्या दिवसापासून तसं वाटत नाही.

सातवी_रांग

लेख चांगला आहे, पण मला एक गोष्ट खुपते ती स्पष्ट लिहितो. गेली अठरा-वीस वर्षं पुण्याच्या महोत्सवात नेमाने जातो. जपानचा म्हणून जो चित्रपट येतो त्यात बहुतेक वेळा शांत घर, पाऊस, कमी बोलणारी माणसं. जपानमध्ये भांडणारी, हसणारी, आरडाओरडा करणारी माणसं नाहीत का? परदेशी निवडकर्त्यांना जो जपान हवा तोच शोधणारे पाठवतात, आणि मग पोरं तसाच बनवायला लागतात. आता तुम्ही पटकथेपासूनच सोबत जाणार, म्हणजे हा साचा आणखी पक्का नाही का होणार? आपल्याकडेही ग्रामीण, करडा, हळू चालणारा म्हणजे महोत्सवाचा, असं समीकरण होऊ घातलंय.

फिरस्ती

सातवी_रांग, दोन दिवस उत्तर लिहिलं नाही कारण तुमचा मुद्दा मला लागला, आणि खोटं उत्तर द्यायचं नव्हतं.

एका चित्रपटाच्या वेळी मी दिग्दर्शकाला अठरा मिनिटं कमी करायला सांगितली. तो मानला, महोत्सवाने चित्रपट घेतला. गेलेल्या भागात एक प्रसंग होता, आजी मुळा किसतेय आणि फोनवर मुलीशी पैशावरून कडाकडा भांडतेय, किसणं थांबत नाही. तो प्रसंग हसवणारा आणि जिवंत होता, आणि "बाहेरच्यांना लय तुटल्यासारखी वाटेल" असं मी म्हटलं होतं. आज मी तसं म्हणणार नाही. ती आजी मला अजून आठवते.

पण दुसरी बाजूही सांगते. शोधणारे सगळे एका चवीचे नसतात. 'वन कट ऑफ द डेड' म्हणजे नुसता आरडाओरडा आणि धावपळ, तो उदिनेने उचलला. क्योतोतल्या युरोप किकाकु या नाटक मंडळाचा 'बियॉन्ड द इन्फिनिट टू मिनिट्स', फोनवर चित्रित केलेला, ७० मिनिटांचा, धमाल विनोदी. तोही जगभर फिरला. हे दोन्ही इंग्लंडमध्ये थर्ड विंडो फिल्म्स या छोट्या वितरण कंपनीने नेले. जपानी स्वतंत्र सिनेमा म्हणजे शांतता हे मानायचं त्यांनी आधीपासून नाकारलंय, आणि त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. म्हणून सध्या आम्ही एक नियम पाळतो: पटकथेवर बोलताना महोत्सवाचं नाव घ्यायचं नाही. आवाज, परवानग्या, करार, प्रीमियरचा क्रम, सबटायटलं यात आम्ही आग्रही. कोण किती बोलतं आणि कॅमेरा किती वेळ थांबतो हे दिग्दर्शकाचं.

सातवी_रांग

प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. मुळा किसणारी आजी पडद्यावर बघायला मला आवडली असती.

रानवारा

+१. ताई, सबटायटलांबद्दल अजून लिहा ना. मराठी माणूस जपानीचं इंग्रजी करतो तेव्हा मनात मराठी येतं का?

फिरस्ती

येतं, आणि कधी कधी तेच वाचवतं. आम्ही स्वतः निर्मिती केलेल्या पहिल्या चित्रपटातलं उदाहरण देते.

सकाळची वेळ. बाप दाराशी बसून बूट घालतोय. उठतो आणि म्हणतो, "इत्ते किमासु." आतून मुलगी म्हणते, "इत्तेराश्शाइ." दार बंद होतं. बाप पुन्हा कधीच घरी येत नाही, आणि हे आपल्याला चाळीस मिनिटांनी कळतं.

'इत्ते किमासु' म्हणजे शब्दशः 'जाऊन येतो'. 'इत्तेराश्शाइ' म्हणजे 'जाऊन या'. मराठी माणसाला काही समजावून सांगावंच लागत नाही. आपणही निघताना 'जातो' म्हणत नाही, आई लगेच टोकते, 'येतो म्हण'. घरातून निघण्याच्या शब्दातच परत येण्याचं वचन आहे आणि तो बाप ते मोडतो, सगळा चित्रपट त्यावर उभा आहे. इंग्रजी सबटायटलात आधी नुसतं 'निघालो' अशा अर्थाचं लिहिलेलं होतं. वचन गेलं, तर शेवटी मुलगी रिकाम्या दाराकडे बघून 'इत्तेराश्शाइ' पुटपुटते त्याला काही अर्थच उरत नाही.

एका ओळीत चाळीसेक अक्षरं, पडद्यावर जेमतेम दोन सेकंद. आम्ही चार दिवस त्या दोन ओळींवर बसलो होतो. शेवटी बापाच्या तोंडी 'संध्याकाळी येतो' आणि मुलीच्या तोंडी 'संध्याकाळी ये' अशा अर्थाची अगदी छोटी वाक्यं घातली. जपानीत संध्याकाळ नाही. दिग्दर्शक आधी बिचकला. मग मी त्याला मराठीतलं 'येतो' समजावलं, ते आपण कधी आणि का म्हणतो ते सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, तुमच्याकडे पण आहे तर मग राहू दे.

माइनकाठ

अंगावर काटा आला. इथे जर्मन सबटायटलं इंग्रजीवरून होतात असंही पाहिलंय, म्हणजे इंग्रजीत गेलेलं पुढच्या सगळ्या भाषांतून जातं.

तोक्योतल्या थिएटरांची अवस्था आता कशी आहे? इवानामी हॉल बंद झाल्याचं वाचलं होतं.

फिरस्ती

हो, २०२२ च्या जुलैमध्ये बंद झाला. १९७४ साली तिथली कलात्मक चित्रपटांची मालिका सुरू झाली ती सत्यजित राय यांच्या 'अपूर संसार'ने. शेवटच्या दिवसांत मी गेले होते, तिकीट जपून ठेवलंय. शिबुयाचं अपलिंक थिएटर २०२१ ला गेलं. कोविडच्या पहिल्या लाटेत हामागुची आणि फुकादा कोजी यांनी मिनी थिएटरांसाठी लोकवर्गणी मागितली, आणि महिन्याभरात ३३ कोटी येनहून जास्त जमले. त्यावर कितीतरी थिएटरं तगली. तरी भाडं, प्रोजेक्टर बदलण्याचा खर्च, वय झालेले मालक हे सगळं आहेच. ही थिएटरं गेली तर मी रात्री नऊला कुठे जाऊन बसू आणि मला चित्रपट सापडणार कुठे?

पंचगंगा

ताई, 'येतो'बद्दल वाचलं आणि आमचीच फाइल उघडून बसलो. आमच्या चित्रपटात आई ऊसतोडीला निघते तेव्हा पोराला 'येते रे' म्हणते. मुंबईच्या एकाकडून सबटायटलं करून घेतली, तिथे नुसतं 'बाय' लिहिलंय. पोरगं पुढचे पाच महिने आजीपाशी राहतं आणि आई येत नाही. अक्षरं पांढरीच आहेत, पाचट जाळतानाच्या धुरात दिसत नाहीत. दोन्ही दुरुस्त करायचं म्हणतोय. तुम्ही एकदा बघाल का?

फिरस्ती

नक्की. लिंक व्यनि (खासगी निरोप) करा, पासवर्ड वेगळा पाठवा. आणि ती लिंक अजून कुठल्याही महोत्सवाला पाठवली असेल तर नावं आणि तारखा आधी कळवा. 'येते रे' म्हणताना आई पोराकडे बघते की पाठमोरी असते, तेवढं आत्ताच सांगा.

पंचगंगा

पाठमोरी. डोक्यावर बोचकं आहे, त्यामुळे वळता येत नाही तिला.